२० हजारांचं छोटं इंजिन रुळावर झटके का खातं? मॉडेल रेल्वेच्या धंद्याचं नेमकं काय बिनसलंय?

जानेवारी २०२४. नवं वर्ष सुरू होऊन काही दिवसच झाले होते आणि ब्रिटनमधल्या रेल्वेवेड्यांना एकामागोमाग दोन धक्के बसले. लिव्हरपूलमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या हॅटन्स या मॉडेल रेल्वेच्या प्रसिद्ध दुकानाने धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात वॉर्ले क्लबने सांगितलं की बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये भरणारं आपलं राष्ट्रीय प्रदर्शन यापुढे होणार नाही. मग २०२५ मध्ये हॉर्नबी कंपनीने लंडन शेअर बाजाराच्या एआयएम विभागातून आपले शेअर्स काढून घेतले. मॉडेल रेल्वेच्या दुनियेत हॉर्नबी म्हणजे आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, त्यातला प्रकार. ब्रँडचं नावच वस्तूचं नाव झालेलं.

प्रत्येक बातमीखाली कमेंट्स मात्र त्याच. छंद म्हाताऱ्यांचा झाला, पोरं मोबाईलमध्ये गेली, विषय संपला.

हे अर्धंच खरं आहे. कारण याच काळात आयर्लंडच्या अ‍ॅक्युरास्केलसारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांची महागडी इंजिनं बाजारात यायच्या आधीच बुक होऊ लागली. म्हणजे गिऱ्हाईक आहे आणि त्याच्या खिशात पैसेही आहेत. मग गडबड कुठे आहे? उत्तराचा बराच भाग त्या इंजिनाच्या पोटात आणि ते चालवणाऱ्या डब्यात, म्हणजे कंट्रोलरमध्ये सापडतो.

आधी थोडं गणित

ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालतो तो 'डबल ओ' स्केल. खऱ्या गाडीच्या १/७६ आकाराचं मॉडेल, आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. युरोपात आणि अमेरिकेत चालतो 'एचओ', म्हणजे १/८७. त्याचेही रूळ १६.५ मिलिमीटरचेच. आता खऱ्या रुळांमधलं अंतर आहे १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की बरोबर १६.५ येतात. ७६ ने भागलं तर येतात जवळपास १८.९. म्हणजे ब्रिटिश मॉडेलांची गाडी गेली शंभर वर्षं चुकीच्या रुळावर धावतेय! कारण साधं होतं. ब्रिटनची खरी इंजिनं अंगाने लहान आणि त्या काळच्या मोटरी मोठ्या. एचओच्या मापात मोटर मावेना. मग रूळ तेच ठेवून वरचं शरीर थोडं फुगवलं.

ही तडजोड लक्षात ठेवा, कारण या छंदातली प्रत्येक गोष्ट अशीच कशाच्या तरी बदल्यात मिळते.

आज हॉर्नबी किंवा बाखमनचं नवं वाफेचं मोठं इंजिन दोनशे पौंडांच्या घरात जातं, म्हणजे आपले वीस-बावीस हजार रुपये. एवढ्या पैशांत आपल्याकडे बरा स्मार्टफोन येतो. तर मग इतकं महाग इंजिन डब्यातून काढून रुळावर ठेवल्यावर अडखळतं का?

वीज येते कुठून?

खेळण्यातल्या गाडीत बॅटरी असते. मॉडेल इंजिनात बहुधा नसते. वीज रुळातून चाकात, चाकातून बारीक पितळी पट्टीत आणि तिथून मोटरीत जाते. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी. तिथे धुळीचा एक कण, तेलाचा एक थेंब किंवा गंजाचा पापुद्रा आला की वीज तुटते आणि इंजिन झटका खाऊन थांबतं.

त्यामुळे चांगलं इंजिन ओळखायची पहिली खूण म्हणजे ते किती चाकांमधून वीज घेतं. सगळ्या चाकांतून घेत असेल तर उत्तम. वाफेच्या इंजिनाच्या मागे टेंडर असेल आणि त्याचीही चाकं वीज घेत असतील तर त्याहून छान. चारच चाकांचं छोटं शंटिंग इंजिन सांधा ओलांडताना हमखास दगा देतं, कारण सांध्याच्या मधला तुकडा बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो. यावर उपाय म्हणून हल्ली इंजिनात छोटा कपॅसिटर बसवतात. तो क्षणभर वीज साठवून ठेवतो आणि इंजिन मेलेल्या तुकड्यावरून तरून जातं.

दुसरी खूण वजन. इंजिन जितकं जड, तितकी पकड चांगली आणि ओढण्याची ताकद जास्त. वजनासाठी जस्ताच्या मिश्रधातूची चासी ओततात. इथे एक जुनं दुखणं आहे. त्या जस्तात शिशासारखी भेसळ राहिली तर धातू काही वर्षांनी आतून फुगतो, तडकतो आणि हातात भुगा येतो. १९३० च्या दशकातल्या खेळण्यांना हा रोग होताच, पण या शतकात बनलेल्या काही मॉडेलांनाही तो लागलाय. यात ग्राहकाला काहीच करता येत नाही. वॉरंटी संपून गेल्यावर कपाटातला डबा उघडावा आणि आतलं इंजिन केळ्यासारखं वाकलेलं दिसावं, असा हा प्रकार.

फोटोत दिसतं ते विकतं

१९९० च्या दशकात हॉर्नबीने इंग्लंडमधल्या मार्गेटचं उत्पादन चीनला हलवलं. तिथली मजुरी स्वस्त होती, त्यामुळे एकेका इंजिनावर हाताने बसवायचे बारीक भाग, कठडे, पाइप, खिडक्यांच्या चौकटी वाढत गेल्या. मॉडेल देखणं झालं. पण हॉर्नबीचं बरंचसं काम सांडा कान नावाच्या एकाच कंत्राटी कारखान्यावर अवलंबून होतं. २००८ च्या अखेरीस तो कारखाना हाँगकाँगच्या काडेर कंपनीने विकत घेतला. आता काडेर म्हणजे कोण? हॉर्नबीचा थेट प्रतिस्पर्धी असलेल्या बाखमनची मालक! पुढची काही वर्षं हॉर्नबीचा माल वेळेवर येईना, दुकानांचे कप्पे रिकामे राहू लागले आणि कंपनीला नवे कारखाने शोधत फिरावं लागलं. (याच शोधात हॉर्नबीच्याच एअरफिक्स ब्रँडचे विमानांचे किट काही वर्षं भारतात बनत होते. जुन्या डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं आजही सापडतं.)

मधल्या काळात हॉर्नबीने खर्च वाचवायला 'डिझाइन क्लेव्हर' नावाचं धोरण आणलं. वेगळे भाग बसवण्याऐवजी ते साच्यातच ओतायचे. विचार चुकीचा नव्हता, पण ग्राहक भडकले. पूर्ण किंमत देऊन कठडा ओतीव का, असा त्यांचा सवाल.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. आज बरीच इंजिनं प्री-ऑर्डरवर विकली जातात. कंपनी आधी संगणकावरची चित्रं दाखवते, मग रंगवलेल्या नमुन्याचे फोटो टाकते, ग्राहक बुकिंग करतो आणि माल कधी वर्षाने, कधी त्याहून उशिरा येतो. कठडा फोटोत दिसतो. मोटर अगदी हळू फिरताना गुरगुरते का, गिअर नीट बसलाय का, चाकांमधलं अंतर बरोबर आहे का, यातलं काहीच फोटोत दिसत नाही. सोशल मीडियावर लाईक कठड्याला मिळतात, मग कारखान्यात मिनिटं कुठे खर्च होणार? शिवाय कठडे जितके नाजूक, तितके ते वाहतुकीत मोडणार आणि हाताळताना तुटणार. चालवण्यासाठी घेतलेली वस्तू मग काचेच्या कपाटात जाते.

हे सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. जपानची काटो कंपनी आपल्याच देशात इंजिनं बनवते आणि त्यांच्या सफाईदार चालण्याचं कौतुक जगभर होतं. तिच्यामागे घरचीच मोठी बाजारपेठ आहे, ही गोष्ट वेगळी. जर्मनीच्या मार्कलिनचं नावही दणकट म्हणून घेतलं जातं. पण नाव चांगलं असलं की धंदा चांगला चालतोच असं नाही. १८५९ ची ही कंपनी २००९ मध्ये, म्हणजे दीडशेव्या वर्षातच, दिवाळखोरीत गेली होती. २०१३ मध्ये सिम्बा डिकी या खेळण्यांच्या उद्योगसमूहाने ती घेतली आणि ती तगली.

कंट्रोलरचं काय?

इंजिन नीट चाललं नाही की शिव्या इंजिनाला बसतात. बऱ्याचदा गुन्हेगार टेबलावरचा डबा असतो.

जुना प्रकार एकदम सोपा. रुळात शून्य ते बारा व्होल्ट डीसी सोडायचे. व्होल्ट वाढले की वेग वाढतो, अधिक-उणे उलट केले की गाडी मागे जाते. पण स्टार्टर सेटसोबत येणाऱ्या स्वस्त कंट्रोलरवर इंजिन हळू चालत नाही. बटण फिरवत राहायचं, काहीच होत नाही आणि मग एकदम गाडी सशासारखी उडी मारते.

यावर तोड म्हणून पल्स पद्धत आली. पूर्ण व्होल्टचे छोटे छोटे ठोके द्यायचे आणि ठोक्यांची लांबी कमी-जास्त करायची. त्याहून हुशार म्हणजे फीडबॅक कंट्रोलर. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी फिरती मोटर स्वतः किती वीज उलट तयार करतेय ते तो मोजतो आणि चढावर गाडी मंदावली तर आपोआप जोर वाढवतो. जुन्या लोखंडी गाभ्याच्या मोटरींना हे अमृतच.

आणि इथेच नवीन भांडण. हल्ली काही छोट्या इंजिनांत कोअरलेस मोटरी येतात. त्यांच्यात लोखंडी गाभा नसतो, त्यामुळे त्या हलक्या आणि गुळगुळीत चालतात. पण उष्णता शोषून घ्यायला आत काही नसल्याने फीडबॅक कंट्रोलरच्या संथ, जोरदार ठोक्यांनी त्या तापतात आणि जळूही शकतात. म्हणजे वीस वर्षं बिनतक्रार चाललेला कंट्रोलर नव्या इंजिनाचा काळ ठरतो. चूक कोणाचीच नाही. पण ही सूचना अनेकदा माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते, हे चूकच म्हणायला हवं.

डिजिटल आलं, आता ब्लूटूथ

एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवायची असतील तर डीसी कामाचं नाही. हॉर्नबीने १९७९ च्या सुमारास 'झिरो वन' ही डिजिटल यंत्रणा काढली होती, पण ती काळाच्या फारच पुढे होती. खरा बदल झाला १९९० च्या दशकात. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 'डीसीसी' नावाचं मानक ठरवलं. यात रुळात कायम वीज असते आणि तिच्यातूनच संदेश धावतात. प्रत्येक इंजिनात एक डीकोडर, प्रत्येकाला एक नंबर. "३७ नंबर, पुढे चल, दिवा लाव." बाकीचे गप्प बसतात.

डीसीसीची मोठी ताकद म्हणजे ते खुलं मानक आहे. एका कंपनीचा कंट्रोलर, दुसरीचा डीकोडर, तिसरीचं इंजिन, तरी चालतं. एखादी कंपनी बुडाली तरी तुमची गाडी बुडत नाही.

हॉर्नबीने गेल्या काही वर्षांत वेगळी वाट धरलीय. आधी मोबाईल अ‍ॅपवरून चालणारा एचएम ६००० कंट्रोलर आणि मग थेट इंजिनात ब्लूटूथ असलेले एचएम ७००० डीकोडर. नवख्या माणसासाठी हे भारी आहे, कारण डीसीसीचा महागडा कंट्रोलर न घेता फोनवरून आवाजासकट इंजिन चालतं. पण फोनचं सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं, इंजिन मात्र तीस वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. अ‍ॅप अपडेट होणं थांबलं तर काय? स्मार्ट बल्ब घेतलेल्यांना हा अनुभव नवा नाही. एचएम ७००० डीकोडर साध्या डीसीसी कंट्रोलरवरही चालतात, हा यातला दिलासा. नुसत्या अ‍ॅपवर चालणारी वस्तू घेताना मी तरी दहादा विचार करेन.

या सगळ्यात २०२५ मध्ये ट्रम्प टॅरिफची भर पडली. एप्रिलमध्ये चिनी मालावरचं अमेरिकी शुल्क १४५ टक्क्यांवर गेलं, मे महिन्यात ३० वर उतरलं. वॉल्थर्स, अ‍ॅथर्नसारख्या अमेरिकी नावांचा बहुतांश माल चीनमध्येच बनतो. वर्षभर आधी किंमत सांगून बुकिंग घेतलेलं, जहाज समुद्रात आणि शुल्क पाच आठवड्यांत तीनदा बदललेलं. अशा वेळी कारखान्यात तपासणीवर जास्तीचे पैसे घालायला कोण धजावेल?

आणि आपल्याकडे?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. सिग्नल, सांधे, शहर सगळं एका मांडणीत धावताना बघायचं असेल तर ते बघाच. घरी करायचं म्हटलं की मात्र गाडी कस्टममध्ये अडकते. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. ज्या ९५०३ या शीर्षकाखाली खेळणी येतात, त्यातच स्केल मॉडेल्सही मोडतात. म्हणजे मोठ्या माणसाचा नाजूक छंद आणि प्लास्टिकची चिनी मोटार सरकारदरबारी एकाच रांगेत. देशी खेळणी उद्योग वाचवणं हा हेतू समजू शकतो, पण डीसीसी इंजिन बनवणारा मोठा देशी उद्योग इथे आहेच कुठे?

तरीही मागवणार असाल तर दोन गोष्टी बघा. अमेरिकेचा सेट असेल तर त्याचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातला की पहिल्याच दिवशी धूर. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुन्या सेटमधले स्टीलचे रूळ घेऊ नका, निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते, पण ते गंजत नाहीत आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की लगेच वीज धरतात.

राहिला प्रश्न आपल्या डब्ल्यूएपी-७ चा. मोठ्या जागतिक ब्रँडच्या नेहमीच्या यादीत भारतीय इंजिनं जवळजवळ दिसत नाहीत. जे हौशी लोक थ्रीडी प्रिंटरवर बॉडी बनवून परदेशी चासीवर बसवतात, त्यांनाही तीच जुनी अडचण येते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओच्या मापात त्याला १९.३ मिलिमीटरचे रूळ लागतात आणि बाजारात मिळतात १६.५ चे.