वांगणीत सिनेमा आला तेव्हा

भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचं बाहेरचं चित्रीकरण जिथे झालं, ते गाव डोंबिवलीहून कर्जत लोकलने तासाभराच्या आत गाठता येतं. बदलापूर सुटलं की पुढचं स्टेशन वांगणी. तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांची मंडळी इथे आली आणि गावाने त्यांना दरोडेखोर समजून पोलिसांच्या हवाली केलं. फाळक्यांच्या चरित्रांत हा प्रसंग येतो. आपल्याकडच्या गप्पांत मात्र तो क्वचितच निघतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले आणि दादरच्या ‘मथुरा भवन’मध्ये त्यांनी कामाला सुरुवात केली. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून सरस्वतीबाई रात्री फिल्म धुण्याच्या कामालाही हात लावत. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. सिनेमात काम करतो असं सांगायची लोकांना लाज वाटे, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगा, असं फाळक्यांनी त्यांना सुचवलं होतं. राजवाडा दादरला उभारता आला, रान कुठून उभारणार? त्यासाठी मुंबईबाहेर पडावं लागलं. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्येच आली होती आणि पुढे घाटाच्या पायथ्याकडे गेली होती. त्या वाटेवर वांगणी होती.

मंडळी पुढे गेली, फाळके मागून येणार होते. गावकऱ्यांनी काय पाहिलं असेल? अनोळखी पुरुषांचा जथा, सोबत तलवारी, ढाली, गदा. बातमी पाटलाकडे गेली, फौजदार आला आणि सगळ्यांना ताब्यात घेतलं. आम्ही सिनेमा काढायला आलोय, हे सांगून काही उपयोग झाला नाही, कारण सिनेमा काढतात म्हणजे काय करतात, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. फाळके पोचले. त्यांनी कॅमेरा दाखवला, काम समजावून सांगितलं आणि फिल्म न भरता नुसत्याच कॅमेऱ्यापुढे एक प्रसंग करून दाखवला, असं सांगतात. तेव्हा कुठे मंडळींची सुटका झाली.

या प्रसंगावर आपण हसतो आणि पुढे जातो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. परक्या माणसांच्या हातात शस्त्रं पाहून गावाने जे केलं, ते कोणत्याही जागत्या गावाने केलं असतं. हरिश्चंद्र त्यांना परका नव्हता. स्वप्नात दिलेलं दान पाळणारा राजा त्यांनी कीर्तनांतून ऐकलेलाच होता. नवं होतं ते यंत्र. ते यंत्र गावासमोर उघडून दाखवावं लागलं आणि बघणाऱ्यांची खात्री पटवावी लागली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला आणि तिथे आलेले लोक तिकीट काढून तो बघणारे पहिले प्रेक्षक ठरले. मी म्हणेन, सिनेमा कसा घडतो हे समोर उभं राहून बघणारा आपला पहिला ग्रामीण प्रेक्षक त्याआधीच वांगणीत होता. त्याच्या शंकेला फाळक्यांनी चिडून नव्हे, काम दाखवून उत्तर दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता हॉलिवूडकडे बघा. तिथे चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून ‘द स्क्वॉ मॅन’चं नाव घेतात. त्याचं चित्रीकरण १९१३ च्या डिसेंबरअखेर सुरू झालं, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येऊन गेल्यानंतर सात-आठ महिन्यांनी. ज्या घोड्यांच्या तबेल्यात त्या चित्रपटाचा कारखाना थाटला होता, तो लाकडी तबेला त्या लोकांनी जागा बदलत बदलत जपला. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला आणि आज तिथे संग्रहालय आहे. फाळक्यांच्या या धडपडीवर परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला. २००९ मध्ये तो भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. फाळक्यांची गोष्ट तिकडे पोचली, पण त्या गोष्टीत वांगणीचा वाटा किती, हे वांगणीवरून रोज जाणाऱ्यालाही माहीत नसतं.

हल्ली वांगणीचं नाव देशभर गेलं ते एप्रिल २०२१ मध्ये. अंध आईचा हात सुटून मूल रुळांवर पडलं आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर काढलं. फलाटावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती काही सेकंदं सगळ्यांनी पाहिली. त्या धैर्याचा वांगणीला अभिमान आहेच. त्याच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वीच्या या प्रसंगालाही जागा मिळायला हवी.

त्यासाठी फार काही लागत नाही. वांगणीच्या फलाटावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा मराठी फलक रेल्वेने लावावा. त्यावर फाळक्यांचं नाव, चित्रपटाचं नाव, साल आणि गावकऱ्यांनी केलेल्या त्या चौकशीची हकीकत असावी. दरवर्षी ३ मे रोजी जिल्हा परिषदेने किंवा एखाद्या शाळेने गावात पडदा लावून ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग मुलांना दाखवावा. तो भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपून ठेवला आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या सांस्कृतिक संस्था पुढे आल्या, तर हे काम एका वर्षात होण्यासारखं आहे. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेत असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.