नवशिक्याची पहिली खरेदी

काइटबोर्डिंगच्या बाजाराची रीत अशी विलक्षण आहे की, ज्या ऋतूत नवशिक्याने पाण्यात उतरण्याची घाई करू नये, नेमक्या त्याच ऋतूत त्याला सामान घेण्याचा मोह सर्वांत अधिक होतो. युरोपात नव्या सालच्या काइट दुकानांत आल्या की गतसालचा माल व्यापाऱ्यांना डोईजड होतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर किमती उतरू लागतात. ज्यांनी उन्हाळ्यात किनाऱ्यावर उभे राहून हा खेळ केवळ पाहिला, ते अशा वेळी काइट, बार व बोर्ड असा संच एकरकमी खरेदी करून मोकळे होतात. आणि घरी आलेली वस्तू एप्रिल-मेपर्यंत गुंडाळून ठेवण्याचा संयम फारच थोड्यांच्या ठायी असल्यामुळे, जानेवारीतल्या एखाद्या वाऱ्याच्या रविवारी ती घेऊन समुद्राकडे निघतात. नोकरीनिमित्त हॉलंड-इंग्लंडकडे स्थायिक झालेल्या मराठी तरुणांनाही या खेळाची ओढ आहे, आणि शिक्षकाकडे त्यांची पहिली पृच्छा बहुधा "कोणती काइट घेऊ?" हीच असते. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शिक्षकाने खरेदीचा क्रमच उलटा करून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाऱ्याचा वेग १२ नॉटांवरून २४ वर गेला म्हणजे काइटची ओढ दुप्पट न होता चौपट होते, हे या व्यवसायात कोणास सांगावयास नको. परंतु वेग तोच असूनही थंडीत ओढ वाढते, ही बाब शिष्याला सांगावयाची अनेकदा राहून जाते. शून्य अंशाजवळची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी अधिक घन असते. त्यात हिवाळी वारा मुळातच जोरकस आणि झोतांनी येणारा. सबब ७५ किलो वजनाच्या माणसास उन्हाळ्यातील १५ नॉटांत जी १२ चौरस मीटरची काइट शोभते, तीच उत्तर समुद्रावरील जानेवारीच्या वाऱ्यात त्याच्या हाती देणे गैर होय. आणि सवलतीच्या मालात जो आकार शिल्लक राहतो, त्याचा घेणाऱ्याच्या वजनाशी वा त्याच्या किनाऱ्याशी काडीचाही संबंध नसतो. शिवाय पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने हिरावून घेते. फेब्रुवारीत डच किनाऱ्याचे पाणी ६ अंशांच्या आसपास असते, आणि निष्णात खेळाडू पाण्यावर राहतो, तर नवशिका बहुतेक वेळ पाण्यातच असतो. म्हणून गुरूला जो वेटसूट पुरतो तो शिष्याला पुरेलच असे नाही.

यावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. पहिला पैसा शिक्षणाला द्यावा. दुसरा अंगावर चढणाऱ्या जिनसांना: पाच ते सहा मिलिमीटरचा वेटसूट, टोपी, बूट, हेल्मेट, धक्का सोसणारे जाकीट आणि कमरेला नीट बसणारा हार्नेस, कारण या वस्तू मापाच्याच लागतात, तर काइट शाळेचीही चालते. मग बोर्ड, आणि काइट सर्वांत शेवटी. हातमोजे घेतानाची एक कसोटी आम्ही आवर्जून सुचवितो. मोजा चढवून हात काही वेळ गार पाण्यात बुडवावा, आणि त्याच हाताने, बारकडे न पाहता, क्विक रिलीज ढकलून पाहावा. तो पहिल्याच प्रयत्नात सुटला नाही तर मोजा तरी बदलावा, नाही तर बार तरी. पण त्या जोडीने पाण्यात उतरू नये.

जुन्या मालाबद्दल सरसकट नकार देणे रास्त नाही, मात्र त्याची तपासणी डोळ्यांत तेल घालून व्हावी. ब्रिटनीच्या ब्रुनो आणि दॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी १९८४ साली फुगवावयाच्या काइटच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि २००५ च्या सुमारास ब्रुनो यांचीच बो पद्धतीची रचना बाजारात आल्यावर बार पुढे सोडून काइटची ओढ जवळजवळ संपूर्ण काढून टाकणे शक्य झाले. त्यापूर्वीच्या धाटणीची काइट फुकट मिळाली तरी नवशिक्याच्या हाती देऊ नये. त्यानंतरची असल्यास ती फुगवून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी पुढचा फुगा मऊ पडलेला दिसला, तर ब्लॅडरला छिद्र आहे किंवा झडपेची चिकटण सुटली आहे असे समजावे. चारही दोऱ्या एकाच खांबाला अडकवून ताणाव्यात: पुढच्या दोऱ्यांवर अधिक भार येत असल्याने त्या कालांतराने लांबतात, आणि मग काइट विनाकारण मागे ढासळते, ज्याचा दोष बिचारा शिष्य स्वतःकडे घेतो. रिलीज-यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० साली प्रसिद्ध झाले; तेव्हा काइट जुनी चालेल, बार मात्र त्या मानकाला उतरणारा नवाच घ्यावा.

आपल्या देशात हिवाळ्याचा हिशेब निराळा आहे. ईशान्य मोसमी वारा रामेश्वरमच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात वाहतो, तेव्हा थंडी हा प्रश्नच उरत नाही, आणि मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याने तेथे शाळेच्याच सामानावर शिकावे, हे उत्तम. उलट कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर या महिन्यांत सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि काइट सुटलेल्या माणसाला तो खोल पाण्यात घेऊन जातो. दुपारनंतरचा वायव्येचा खारा वारा सौम्य असतो, पण त्याला मोठी काइट लागते. म्हणजे डच किनाऱ्यासाठी घेतलेली नऊ चौरस मीटरची काइट गोव्यातल्या मोरजीच्या वाळूवर बहुधा पडून राहील. किनारा ठरल्यावाचून काइटचा आकार ठरत नाही, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

आता व्यवसायबंधूंना थोडे परखडपणे सांगणे प्राप्त आहे. दरसाल आपली काइट बदलणे आणि जुनी शिष्याच्या गळ्यात घालणे, हा आपल्यापैकी अनेकांच्या उत्पन्नाचा एक भाग होऊन बसला आहे. त्यात मुळात अन्याय नाही. परंतु जो विकतो, तोच मालाची पारख करतो आणि शिष्य पाण्यात उतरण्यास लायक झाला की नाही याचा निवाडाही तोच देतो, अशी तिहेरी सत्ता एका हाती असणे कोणत्याही व्यवसायाला भूषणावह नाही. म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. शिष्याला विकावयाच्या सामानाची तपासणी दुसऱ्या शिक्षकाने करावी व दोष लेखी नोंदवावेत. पाण्यावर पडलेली काइट पुन्हा उडविणे आणि दोऱ्या गुंडाळून, काइटचाच आधार घेऊन किनाऱ्याला परतणे, या दोन गोष्टी शिष्य स्वतः करून दाखवीपर्यंत त्याला काइट विकू नये. आणि थंड किनाऱ्यावर मोज्याची वरील कसोटी विक्रीपूर्वी शिक्षकाच्या समक्ष व्हावी. यामुळे हिवाळ्यात दोन-चार विक्र्या कमी होतील, हे आम्ही जाणतो. तरीही हे नियम येत्या हंगामापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या दर्शनी फलकावर लावावेत.