‘कोर्लईत अजून पोर्तुगीज बोलतात’ हे वाक्य आता टाकून द्यावे

आजच्या धाग्याचा आरंभ न्यूझीलंडमध्ये आहे आणि मुक्काम कुंडलिकेच्या मुखाशी. मधले अंतर बरेच आहे, धीर धरावा.

१९९६ साली अँड्र्यू स्मिथ या न्यूझीलंडच्या गृहस्थाने ‘ब्रिथेनिग’ नावाची भाषा हौसेने रचली. कल्पना अशी : रोमन सत्ता गेल्यावरही ब्रिटनमध्ये सामान्य जनांची लॅटिन टिकली असती आणि वेल्श भाषेत झाले तेच ध्वनिबदल तिच्यात झाले असते, तर ती आज कशी दिसली असती? पुढे २००२ मध्ये यान व्हान स्टेनबर्गेन यांनी हाच प्रयोग पोलिश ध्वनिनियम लावून केला. ती भाषा ‘वेनेदिक’. पर्यायी इतिहासाच्या छंदात याहून शिस्तबद्ध काम क्वचितच आढळते. ‘अमुक लढाई उलटी झाली असती तर’ असे म्हणून नकाशा रंगवणे सोपे. नियम लावून एकेक शब्द घडवणे कष्टाचे.

ही रीत आपल्या घरातल्या शब्दावर पडताळून पाहू. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणत. पोर्तुगीज भाषेत लॅटिन शब्दारंभीच्या ‘क्ल’चा ‘च’ झाला, स्पॅनिशमध्ये तो वेगळ्या वाटेने गेला, फ्रेंचमध्ये ‘क्ल’ तसाच राहिला. म्हणून आपण ‘चावी’ म्हणतो. कोकणपट्टीवर पोर्तुगीजांऐवजी फ्रेंच आधी स्थिरावले असते, तर आपण कदाचित ‘क्ले’ हरवली म्हणून घर शोधत बसलो असतो. गंमत पुढे आहे. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये त्या ‘च’चा ‘श’ झालेला आहे. सोळाव्या शतकाचा उच्चार लिस्बनने सोडला. आपल्या कुलपात तो अजून फिरतो. ‘पगार’ही त्याच घराण्यातला. त्याच्या मुळाशी ‘शांत करणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. मी लोट्याचा, औद्योगिक वसाहतीत महिन्याच्या सात तारखेला ही व्युत्पत्ती निराळी सिद्ध करावी लागत नाही.

परंतु हे सुटे शब्द झाले. लॅटिनच्या वंशातील एक अख्खी भाषा महाराष्ट्राच्या मातीत जन्मली आणि आजही बोलली जाते. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्यासमोर, कोर्लई गावात.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौलला किल्ला बांधावयास घेतला आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. शिपाई, त्यांच्या चाकरीतील माणसे, गुलाम आणि धर्मांतरित स्थानिक कुटुंबे यांच्या व्यवहारातून एक बोली आकाराला आली. १७३९ मध्ये वसई पडली, १७४० मध्ये हा टापूही मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, बोली राहिली. ती टिकली याचे कारण लिस्बनशी निष्ठा नव्हे. लहानसा ख्रिस्ती समाज, आपापसांतले विवाह, खाडीमुळे तुटलेले दळणवळण, एवढी कारणे पुरेशी आहेत.

आपल्या गडभ्रमंतीच्या लेखनात या गावाविषयी एक वाक्य हमखास असते : ‘येथील लोक अजून पोर्तुगीज बोलतात.’ आणि त्याखाली कोणी तरी जाणकार लिहितो, ‘मोडकी पोर्तुगीज’. माझी तक्रार या दोन्ही विधानांविषयी आहे.

कोर्लईच्या बोलीतील शब्द बहुतांशी पोर्तुगीज कुळातले आहेत, पण वाक्याची ठेवण मराठीजवळची आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्म येण्यापूर्वी येते. येथे ते आपल्यासारखे शेवटी जाते. त्याहून मोलाची गोष्ट क्रियापदांच्या गणांची. पोर्तुगीजचे तीन गण या बोलीने राखले : ‘काता’ म्हणजे गाणे, ‘बेबे’ म्हणजे पिणे, ‘इर्गी’ म्हणजे उठणे. मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी मात्र तिने चौथा गण स्वतः निर्माण केला, ऊकारान्त. त्याचे अभ्यासकांनी दिलेले उदाहरण ‘लोटू’ आहे, आपल्या ‘लोटणे’वरून. (लोट्याच्या माणसाला हे वाचून हसू आले, एवढीच खासगी नोंद.) पोर्तुगीज भाषा परके क्रियापद घेते तेव्हा सामान्यतः ते आपल्या पहिल्या गणात घालते. ब्रिथेनिगच्या पद्धतीने कोणी ‘मराठी भूमीतील लॅटिन’ रचावयास बसला असता, तर त्यानेही तेच केले असते. चौथा गण कोणत्याही नियमतक्त्यातून निघत नाही. तो दोन भाषा एकाच चुलीपाशी बोलणाऱ्या माणसांनी घडवला.

भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीच्या जन्माचा आणि घडणीचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. प्रकाशनवर्ष १९९६, ब्रिथेनिगचेच वर्ष! आज आपल्यापैकी अनेकांना ब्रिथेनिग ठाऊक असते, कोर्लई केवळ दीपगृहासाठी. ज्या भाषेचा एकही जन्मजात भाषक नाही, तिच्या व्याकरणाची चर्चा आपण आदराने करतो. जिचे सुमारे हजारभर भाषक आहेत, तिला मोडकी म्हणतो. लॅटिन मोडूनच पोर्तुगीज झाली आणि प्राकृत मोडूनच मराठी, हे आपण परीक्षेत लिहून येतो. समुद्रकिनारी गेलो की विसरतो.

‘अजून पोर्तुगीज’ या शब्दांत आणखी एक दुखरी बाजू आहे. त्यातून ही माणसे मागे राहिलेली परकी ठरतात. वस्तुतः ती मराठीही तितक्याच सहजतेने बोलतात. मराठी शाळा, मराठीतून होणारी प्रार्थना, खाडीवर आलेला पूल आणि बाहेरगावची नोकरी यांमुळे घरातली बोली मुलांपर्यंत पोहोचणे अवघड होत चालले आहे. तिच्यावरील हा दाब आपल्याच भाषेचा आहे, हे मराठीच्या अभिमान्यांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या डोंगराखालून वाशिष्ठी दाभोळकडे जाते. १५०८ च्या डिसेंबरात फ्रान्सिस्को द आल्मेदाने दाभोळ जाळले आणि तो दीवकडे निघून गेला. चौलप्रमाणे पोर्तुगीज तेथे दोन शतके ठाण मांडून बसले असते, तर वाशिष्ठीच्या काठीही अशी एखादी बोली जन्मली असती, आणि कोणी तरी मलाही विचारले असते की, तुम्ही अजून पोर्तुगीज बोलता का.

कोर्लईचे लोक आपल्या भाषेला ‘नॉ लिंग’ म्हणतात. अर्थ : आमची भाषा. पुढच्या वेळी गडावरचे छायाचित्र टाकताना त्याखाली हे नाव लिहावे.