कारंज्याच्या वेशीआतील तराजू

कामरगावचा माणूस तालुक्याला, म्हणजे कारंज्याला जातो तो बहुधा तीन कामांसाठी : तहसील कचेरीत, गुरुमंदिरात किंवा माल घेऊन बाजार समितीच्या आवारात. पहिल्या कामात पाहण्यासारखे काही नसते. दुसऱ्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात, कारण श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. तिसऱ्या कामाकडे मात्र पाहण्यासारखी गोष्ट म्हणून कोणीच बघत नाही, आणि नेमका तेथेच कारंज्याचा एक मोठा मान दडलेला आहे. 1886 साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार स्थापन झाला तो कारंजा येथे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य असते. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि विसरतो. आपले वडील ज्या गावी कापूस घेऊन जातात तेच हे कारंजे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

जुन्या बाजारपेठांतून जाणकाराबरोबर पायी हिंडण्याची प्रथा आता सर्वत्र रुळली आहे. इस्तंबूलच्या छतबंद बाजाराचे उदाहरण प्रसिद्धच आहे. दुसऱ्या मेहमदाने 1453 मध्ये ते शहर जिंकल्यानंतर काही वर्षांतच जी पक्की व्यापारी इमारत बांधली, तिच्याभोवती हा बाजार वाढला. तिचे उत्पन्न आयासोफियाच्या वक्फाला लावून दिलेले होते. आज तेथे जाणाऱ्याला घुमट, गालिचे आणि दिवे दाखवले जातात. परंतु उस्मानी तुर्कांचा बाजार निव्वळ घुमटांवर उभा नव्हता. वजनमापे तपासणारा अधिकारी, कारागिरांचे संघ आणि जिनसांचे ठरवून दिलेले भाव यांवर तो चाले. या ठरलेल्या भावाला तेथे ‘नर्ख’ म्हणत. मूळ शब्द फारसी. तोच मराठीत ‘निरख’ होऊन आला आणि आपल्या जुन्या दप्तरांत ठाण मांडून बसला. बाजार, दुकान, दलाल, तराजू हे शब्दही त्याच वाटेने आलेले. तात्पर्य, इस्तंबूलची पेठ आणि वऱ्हाडातली पेठ यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही.

कारंज्यातही असे पदभ्रमण सुरू करावे, ही कल्पना कोणालाही आवडण्यासारखी आहे. प्रश्न आहे तो त्यात काय दाखवावे हा. नेहमीच्या पद्धतीने केले तर दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशी दाखवल्या जातील. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची जैन मंदिरे व ज्यांतून अपभ्रंश भाषेचे अमोल ग्रंथ उजेडात आले ते हस्तलिखितांचे भांडार दाखवले जाईल. मग कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका. परदेशी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला, त्याला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा गावातल्या धनिकाने सारा माल विकत घेऊन घराच्या चुन्यात कालवून टाकला. हे सर्व दाखवावेच. पण या कथेतली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. न खपलेला माल घेऊन परत जाण्याची पाळी आलेल्या व्यापाऱ्याचे दुःख गावाने शतकानुशतके जपले. तीच पाळी दर हंगामात ज्याच्यावर येते त्या कास्तकाराची आख्यायिका मात्र झाली नाही.

म्हणून या फेरीत तराजू दाखवला पाहिजे. बाजार नियंत्रित होण्यापूर्वी सौदा कसा होई? अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल, तो समोर उभा राहून रुमालाकडे पाहत राही. पुढे वजनात कडता, मग हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय. पट्टी हाती पडेपर्यंत भावातला बराचसा भाग वाटेतच झिरपलेला असे. 1886 च्या हुकुमामागे या माणसाची कणव होती असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाचे महत्त्व इंग्रजांना पटले होते, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध माल वाजवी दरात हवा होता. पण नियम एकदा कागदावर आला की तो करणाऱ्याच्या हेतूपुरता राहत नाही. 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे 1928 च्या शेती आयोगाने असे नियंत्रित बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. 1963 चा महाराष्ट्राचा कायदा त्याच वंशातला. 2020 मध्ये केंद्राने केलेल्या आणि 2021 मध्ये मागे घेतलेल्या कायद्यांवरून जो वाद पेटला, त्याच्या केंद्रस्थानीही बाजार समितीच होती. या वादात हिरिरीने बोलणाऱ्या किती जणांनी पहिल्या बाजाराचे गाव पाहिले असेल?

कापूस आणि सोयाबीनच्या भावाने मेटाकुटीला आलेल्या भागात ही इतिहासाची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. वजन खरे झाल्याने भाव वाढत नाही. भाव पूर्वी लिव्हरपूलला ठरे, आजही तो दूरच कोठेतरी ठरतो. पण वजन आणि भाव या दोन वेगळ्या लढाया आहेत, आणि पहिली निदान अंशतः जिंकता आली, हे कामरगावच्या शाळेतल्या मुलाला कळणे चैनीत मोडत नाही. शिवाय यासाठी पर्यटन खात्याच्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयाने एक रविवार ठरवावा आणि मार्गदर्शक म्हणून निवृत्त मापारी किंवा एखाद्या अडतीवर आयुष्य घालवलेला दिवाणजी बोलवावा. कडता कोठे लपत असे हे प्राध्यापकापेक्षा तो अधिक चांगले सांगेल. फेरी वेशीपासून निघावी, पेठेतून बाजाराच्या आवारात यावी आणि मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रेल्वेच्या, लोकांच्या शकुंतलेच्या, ओस स्थानकावर थांबावी. वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून बाहेर गेला.

घाई मात्र एका बाबतीत करावी लागेल. वेशी दगडाच्या आहेत. त्या आणखी काही वर्षे उभ्या राहतील. अडतीच्या जुन्या चोपड्या आणि पट्ट्या कागदाच्या आहेत. दुकानाची वाटणी झाली, माडी पाडली, की त्या रद्दीच्या भावाने जातात, आणि कोणत्या गावच्या गाडीला कोणत्या साली किती कडता लागला याचा पुरावा त्यांच्याबरोबर जातो. पदभ्रमणाला निघणाऱ्या पहिल्या तुकडीने कॅमेऱ्याआधी या चोपड्यांची चौकशी करावी.