खिशातलं व्हिएन्ना

पत्ता शोधायला फोन पुरतो. शहर समजून घ्यायला मात्र मला अजूनही खिशात मावणारं छापील गाइडबुक लागतं. फोनच्या नकाशावर आपण कायम मध्यभागी असतो आणि शहर आपल्याभोवती सरकत राहतं. पुस्तकाला जोडलेला घडीचा नकाशा उलगडला की नदी कुठे, टेकड्या कुठे, जुनी तटबंदी कुठून कुठे जात होती, हे एका नजरेत दिसतं. शिवाय पुस्तक लहान असतं, हा त्याचा मोठाच गुण. दीडेकशे पानांत राजधानी बसवायची, म्हणजे शहराच्या एखाद्या जाणकारानं ठरवलेलं असतं की कशाला चार पानं द्यायची आणि कशाला चार ओळी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या कार्ल बेडेकरनं प्रेक्षणीय ठिकाणापुढे चांदणी छापायची पद्धत रुजवली, ती याच विचारानं.

व्हिएन्नाच्या पुस्तकातलं सर्वांत उपयोगी पान घरांच्या नंबरांचं निघालं. शहराचे 23 विभाग आहेत आणि रस्त्याच्या पाटीवर नावाच्या आधी विभागाचा आकडा असतो. केंद्रातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर नंबर केंद्राकडून सुरू होतात. केंद्राला वळसा घालणाऱ्या रस्त्यांवर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वाढतात. विषम डावीकडे, सम उजवीकडे. 1862 पासूनची ही शिस्त आहे. एवढं कळल्यावर कोणत्याही कोपऱ्यावर उभं राहून केंद्रातलं सेंट स्टीफनचं कॅथेड्रल कुठल्या दिशेला असेल, याचा अंदाज बांधता येतो.

चांदण्यांची दाटी अर्थात रिंगश्ट्रासवर. सम्राट फ्रान्झ योझेफनं 1857 मध्ये तटबंदी पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी हा रुंद रस्ता झाला. ऑपेरा, संसद, विद्यापीठ, संग्रहालयं ओळीनं उभी आहेत. ट्रॅममधून ती बघणं सुंदरच आहे, त्यावर मी नवं काय लिहिणार?

मला लिहायचंय ते अर्ध्या पानात उरकलेल्या एका नोंदीविषयी. ‘कार्ल मार्क्स होफ, विभाग 19, मेट्रोचं स्टेशन हायलिगेनश्टाट.’ स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तांबूस-पिवळी इमारत सुरू होते आणि एक किलोमीटरहून लांब पसरत जाते. नगरपालिकेनं बांधलेली ही कामगारांची वस्ती 1930 मध्ये खुली झाली. कार्ल एन हा वास्तुरचनाकार. घरं 1,382. पहिल्या महायुद्धानंतर निवडून आलेल्या समाजवादी नगरपालिकेनं 1923 मध्ये खास गृहनिर्माण कर लावला. ज्याचं घर जितकं आलिशान, तितका त्याचा कर चढा. त्या पैशातून दहाएक वर्षांत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. ही घरं या कराच्या पैशातून बांधली आहेत, असं अशा इमारतींच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेलंही असतं.

कमानीखालून आत गेलं की रस्त्याचा आवाज मागे राहतो. जागेचा पाचवा हिस्सासुद्धा बांधकामानं व्यापलेला नाही. बाकी सगळी बाग आणि अंगणं. घरं लहान, पण प्रत्येकाला आपला नळ, आपला संडास. सामायिक धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाड्या, वाचनालय. 1934 च्या फेब्रुवारीत, यादवीच्या दिवसांत, सरकारी सैन्यानं याच इमारतीवर तोफा डागल्या. समोरच्या चौकाला आज त्या 12 फेब्रुवारीचं नाव आहे. जुन्या धुलाईघरात आता छोटं संग्रहालय आहे. घरांमध्ये मात्र माणसं राहतात, त्यामुळे अंगणात हलक्या पावलानं फिरावं आणि खिडक्यांकडे कॅमेरा रोखू नये.

अंगणातल्या बाकावर बसून मला वरळी आठवली, ती काळामुळे. मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्याही 1920 च्याच दशकात आणि त्या सरकारनं कामकऱ्यांसाठी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. तळमजला अधिक तीन मजले, 160 चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. एकाच दशकात दोन शहरांनी कामगाराला किती जागा द्यायची हे ठरवलं आणि उत्तरं इतकी वेगळी आली, याचं मला फार वाईट वाटलं. एकीकडे कामगार मतदार होता, दुसरीकडे वसाहतीची प्रजा. तरीही त्या खोल्यांत माणसांनी भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणेशोत्सव उभे केले; आराखड्यात जे नव्हतं ते रहिवाशांनी घडवलं.

मुंबईच्या गाइडबुकांत गेटवे असतो, सीएसएमटी असते. वरळीत जुन्या चाळींच्या जागी आता टॉवर येताहेत. मुंबईचं खिशातलं पुस्तक पुन्हा कुणी काढणार असेल, तर त्यात अर्धं पान बीडीडी चाळीला मिळायला हवं: बांधल्याचं साल, खोलीचं माप, जवळचं स्टेशन, आणि कुठल्या जिन्यानं वर जायचं ते.