घरी माणूस आहे का?

बी.ए.च्या वर्गाला लघुनिबंध शिकवताना गेली अठरा वर्षे मी एक वाक्य न चुकता सांगत आले आहे. लघुनिबंधाला कोणताही विषय चालतो. किंबहुना विषय जितका क्षुल्लक, तितकी लेखकाची कसोटी मोठी. विद्यार्थी हे वाक्य वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात आणि मी त्याला गुण देते. फडक्यांच्या 'गुजगोष्टीं'पासून या प्रकाराने मराठीत जो संसार थाटला, त्यात हरवलेली किल्ली, मोडकी छत्री, गळका नळ, घरात शिरलेले मांजर या साऱ्यांना मानाचे स्थान आहे. मात्र गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक कूलर आणि एक मांजर यांच्यामुळे जे घडले, त्यानंतर त्या 'क्षुल्लक' या शब्दाविषयी माझ्या मनात किंतु निर्माण झाला आहे.

मी राहते अमरावतीला आणि शिकवते अकोल्याला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूर मागे टाकून अकोला, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. वऱ्हाडात या जगण्याला 'अप-डाऊन' असे सुटसुटीत नाव आहे. यजमान नोकरीनिमित्त गोंदियाला असतात. घरी एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक दुरुस्ती ही फोनवरून चालवायची गोष्ट झाली आहे. आणि ती मी बहुधा बोरगाव मंजू ते मूर्तिजापूर या टप्प्यात, दाराजवळ उभी राहून चालवते.

ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा पाहिलेला नाही, त्यांना कूलर ही चैनीची वस्तू वाटण्याचा संभव आहे. येथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे ही बातमीही उरलेली नाही. हवा कोरडी असते म्हणून ओल्या ताट्यांमधून ओढलेला वारा गार होतो. हाच पत्र्याचा डबा कोकणात नेऊन ठेवला तर तो घरभर दमटपणा पसरवील. मार्च लागला की प्रत्येक घराला एकाच वेळी नव्या ताट्या हव्या असतात, पंप तपासून हवा असतो, गंजलेल्या तळाला डांबर लावून हवे असते. मीही नेहमीच्या मिस्त्रीला फोन केला. "उद्या येतो मॅडम," तो म्हणाला, आणि मग विचारले, "घरी मानूस हाये ना?"

मी म्हणाले, "नाही, घरी फक्त आई असतात."

फोन ठेवल्यावर मला माझेच वाक्य बोचले. 'माणूस' या शब्दाचा नवरा किंवा पुरुष हा अर्थ आपल्या बोलीत इतका मुरलेला आहे की 'तिचा माणूस' म्हटल्यावर कोणी थबकत नाही. पण एम.ए.च्या वर्गात स्त्रीवादी समीक्षा शिकवणारी मी, दिवसाचे चोवीस तास ज्या घरात आहेत त्या बाईंना एका 'फक्त'मध्ये गुंडाळून मोकळी झाले होते.

मिस्त्री 'उद्या' आला नाही. त्या नंतरच्या उद्यालाही आला नाही. दरम्यान भुरीने कूलरमध्ये पिल्ले घातली.

भुरी आमची नव्हे. ती गल्लीतली, राखाडी रंगाची, एक कान फाटलेली मांजर. सकाळी दुधासाठी आमच्याकडे आणि दुपारी सावलीसाठी कुठेही. हिवाळाभर गॅलरीत ताडपत्रीखाली पडून असलेल्या कूलरच्या मागची ताटी निसटली होती. आतल्या जुन्या वुडवूलच्या गादीवर तिने चार पिल्लांचा संसार मांडला. मराठी भाषा मांजरीला फारशी उदारपणे वागवत नाही. ती डोळे मिटून दूध पिते, आडवी जाऊन कामे मोडते, उंदराची खोटी साक्ष देते, भिजली तर केविलवाण्या माणसाच्या उपमेला येते. कुत्र्याच्या वाट्याला निदान इमान आले. मांजरीच्या आईपणाविषयी तेवढी एक समजूत आहे, की ती पिल्लांना सात घरे फिरवते; आणि तीही आपण घर सारखे बदलणाऱ्या भाडेकरूंच्या थट्टेसाठी वापरतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी मिस्त्री आला तेव्हा मी वर्गात होते. घरी जे झाले ते मला संध्याकाळी कळले. त्याने ताडपत्री काढली, आतून फिस्कारणे ऐकले आणि आईंकडे पाहिले. आई म्हणाल्या, "बाबू, पिल्लायचे डोये नाही उघडले अजून." तो म्हणाला, "मंग उघडू द्या आजी, मी मंग येतो." आणि पाणी पिऊन निघून गेला. पंधरा दिवस विनवण्या करून मिळवलेला माणूस सात-आठ मिनिटांत परत गेला.

मी चिडले. आईंना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी उन्हाळ्यात जपायला सांगितले आहे, आणि त्या मांजरीसाठी घर तापू देत आहेत! मी नको तितके बोलले. आई शांतपणे म्हणाल्या, "तू सकाळी जातं, संध्याकाळी येतं. दिवसभर गरमी मले होते ना? मंग मी सांगतो काय करायचं थे." वऱ्हाडीत बायका स्वतःविषयी 'मी सांगतो' म्हणतात, हे मी बोलींच्या तासाला उदाहरण म्हणून सांगते, त्या दिवशी ते उदाहरण माझ्यासमोर उभे होते. त्यांनी पेटीतून वाळ्याची जुनी ताटी काढली, खिडकीला बांधली आणि तासातासाला तिच्यावर पाणी मारत राहिल्या. कूलर येण्यापूर्वीची चाळीस वर्षे त्यांनी अशीच काढली होती.

येथे मला जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मी नळदुरुस्तीवर एक विनोदी लेख लिहिला होता. त्यातला मिस्त्री 'उद्या' म्हणतो आणि उगवत नाही. उगवतो तेव्हा पान्हा विसरलेला असतो. जातो तेव्हा एका गळतीच्या दोन झालेल्या असतात. लेख गाजला. आठवडाभराने एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, माहे बाबा प्लंबर हायेत. थे 'उद्या' म्हनतेत, कारन 'नाही' म्हटलं तं लोकं दुसऱ्याले बलावतेत." एवढे बोलून तो गेला. रागावलेला नव्हता, पुस्तकातली एखादी चूक दाखवावी तशी त्याने मला चूक दाखवली होती. त्याच मुलाच्या उत्तरपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ मी वर्षभर लाल शाईने दुरुस्त करत होते. माझी दुरुस्ती मात्र लांबणीवर पडली. मीही बहुधा मनात 'उद्या' म्हणाले असेन.

त्याचे म्हणणे हिशेबाने तपासून पाहावे. कूलरच्या मिस्त्रीचा हंगाम मार्चच्या मध्यापासून फार तर मेअखेरपर्यंतचा. या दोन-अडीच महिन्यांत वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा उभा करायचा. ज्या उन्हात आपण दार उघडत नाही, त्या उन्हात तो गच्चीवर किंवा खिडकीच्या छज्जावर बसून तापलेला पत्रा उघडतो. त्याचा 'उद्या' हा आपण समजतो तसा खोटेपणा नसतो. पन्नास घरांना एकाच वेळी हव्या असलेल्या एका माणसाने केलेली ती वाटणी असते. आणि आपल्या विनोदी लेखांना ही वाटणी कधी दिसत नाही, कारण ते लेख कायम फोन करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले असतात.

माझा आक्षेप विनोदाला नाही. पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' मी आजही हसत हसत वाचते. जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) मधले अंकल पॉजर भिंतीवर एक तसबीर टांगायला निघतात, हा उतारा तर गृहदुरुस्तीच्या साऱ्या विनोदाचा मूळपुरुष म्हणावा असा आहे. पण तो नीट वाचला तर दिसते, की जेरोम एक गोष्ट विसरत नाही: एक खिळा ठोकण्यासाठी कोणाकोणाला राबावे लागते. खिळे आणायला कोण धावले, खुर्ची कोणी धरली, दिवा कोणी धरला याची तो चोख नोंद ठेवतो. हसू येते ते त्या नोंदीमुळे. आमच्या लघुनिबंधाने जेरोमचा गोंधळ उचलला आणि नोंदवही तिथेच सोडली, असे मला वाटते. याचे एक कारण लिहिणाऱ्यांच्या बैठकीत असावे. फडके, काणेकर प्राध्यापक. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक. घरातल्या वस्तू बिघडतात तेव्हा आपल्या विचारांची तंद्री मोडते, एवढाच बिघाडाशी संबंध असलेला हा वर्ग. मीही त्याच वर्गातली.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवून पाहावीत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घराची जी त्रेधा उडे, तिचे वर्णन वाचताना आपण पोट धरून हसतो. पण ते हसे पाणी ओढणाऱ्या, धुणाऱ्या-वाळवणाऱ्या हातांकडून आलेले आहे. किंवा अगदी आपल्या मुलखातले उद्धव शेळके यांचे 'धग' (१९६०) घ्यावे. कौतिकच्या घरात काही मोडले तर त्यावर निबंध सुचण्याची सोय नसते.

आणखी मागे जायचे तर अमरावतीपासून रिद्धपूर फार दूर नाही. तेथे आता २०२४पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या तेराव्या शतकात, याच परिसरात बसून. कोण कोठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, हे सारे त्यांनी सांगणाऱ्यांना विचारून विचारून टिपले. त्यांची दृष्टी भक्ताची होती, हे मान्य. साध्या घटनेला मोल आले ते ती देवाची होती म्हणून. तरीही मराठी गद्याच्या या आरंभग्रंथाला 'क्षुल्लक' ही वर्गवारीच ठाऊक नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती वर्गवारी आपण नंतर आणली, आणि मी ती अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आले.

एक सहकारी यावर म्हणाले, "मॅडम, अशाने तुम्ही ललित निबंधाचे समाजशास्त्र करून टाकाल. विद्यार्थी हसायचे विसरतील." भीती अगदीच निराधार नाही. मी एवढाच बदल केला आहे: 'लघुनिबंधाची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाऐवजी वर्गात विचारते, या निबंधात काम कोण करते आहे? पहिल्या दिवशी कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचे हात वर आले. त्यात वेल्डरचा मुलगा होता, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी होती. त्या तासाला पुष्कळ हसू झाले, आणि ते माझ्यासाठी नवे होते.

कूलर राहिला. बारा-तेरा दिवसांनी, रविवारी सकाळी साडेसहालाच मिस्त्री आला. भुरीने आदल्या रात्री पिल्ले हलवली होती. माझ्या कपाटात तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे. त्याने पेचकसने मागचा भाग सोडवला, पंप बाहेर काढला आणि वायर माझ्यापुढे धरली. वरचे आवरण उंदरांनी बोटभर लांब कुरतडले होते. आतली तार उघडी. मग त्याने अर्थिंगची तार शोधली. ती कोठेही जोडलेलीच नव्हती, कधीपासून कोण जाणे. "आजीनं पानी भरून बटन दाबलं असतं तं," तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. कूलरचा धक्का लागून कोणी दगावल्याची बातमी विदर्भातल्या वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात येते. बहुधा आतल्या पानावर, चार ओळींत. पाणी भरणारी बहुधा घरातली बाई किंवा लहान मूल असते.

उंदराला मांजर साक्ष, ही म्हण इतक्या शब्दशः मी कधी अनुभवली नव्हती.

त्याने वायर बदलली, अर्थिंग जोडले, टेस्टर लावून पत्रा चारही बाजूंनी तपासला, नव्या ताट्या बसवल्या. पाणी भरण्याआधी प्लग काढून ठेवायचा, हे त्याने मला न सांगता आईंना दोनदा सांगितले, कारण पाणी भरणार त्या होत्या. चहा घेताना मी त्याला विचारले, घरी माणूस आहे का असे तो का विचारतो. त्याला प्रश्नाचे नवल वाटले. "कूलर उचलाले दोन जन लागतेत ना मॅडम. आन् बाई एकटी असली, घरातलं काही इकडंतिकडं झालं, तं नाव आमच्यावर येते."

मग आईंकडे वळून म्हणाला, "पन तुमच्याकडं नाही विचारत आता. आजी हायेत."

आई आत भुरीसाठी दूध गरम करत होत्या. तिसऱ्या दिवशी ती पिल्लांना घेऊन शेजाऱ्यांच्या जिन्याखाली गेली. माझ्या मोजणीप्रमाणे ते तिसरे घर. उत्तरपत्रिकांच्या वरच्या गठ्ठ्यावर पंजांचे ठसे उमटले होते. विद्यापीठाला काय कळवावे या विचारात मी तो गठ्ठा सगळ्यांत शेवटी तपासला.