इंग्रजींतील संकेतार्थ

‘आपला अर्ज वेळेवर आला असता, तर आम्ही आपली नेमणूक केली असती,’ अशा अर्थाचें इंग्रजी पत्र घरीं आलें म्हणजे त्यांतील ‘वुड हॅव’ पाहून आशा धरणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. वस्तुतः तो नकार असतो.

हा विपर्यास टाळण्यासाठीं तीन प्रकार ध्यानांत ठेवावे. गोष्ट शक्य असेल तेव्हां ‘इफ इट रेन्स, वुई विल स्टे’; नुसती कल्पना असेल तेव्हां ‘इफ इट रेन्ड, वुई वुड स्टे’; वेळ निघून गेली असेल तेव्हां ‘इफ इट हॅड रेन्ड, वुई वुड हॅव स्टेड’. दुसऱ्या प्रकारांत रूप भूतकाळाचें, पण अर्थ भूतकाळाचा नव्हे. यांत नवल तें काय? ‘उद्यां पाऊस पडला तर राहूं,’ असें आपणही म्हणतोंच.

मुलें विशेष चुकतात तीं तिसऱ्या प्रकारांत. क्रिया घडलीच नाहीं अशा ठिकाणीं पाणिनीनें लृङ् सांगितला. तो दोन्ही वाक्यांत येतो. मराठींतही ‘पडला असता’ आणि ‘राहिलों असतों’ अशी सारखीच जोडी जमते. म्हणून मुलगा ‘इफ’च्या वाक्यांतही ‘वुड हॅव’ घालतो. इंग्रजींत मात्र अटीकडे ‘हॅड’ आणि फलाकडे ‘वुड हॅव’ अशी वांटणी आहे.

वडीलधाऱ्यांनीं नियम घोकवण्यापूर्वीं हा भेद मराठी वाक्य शेजारीं मांडून दाखवावा. ज्याला आपल्या भाषेंतील ‘असता’ कळला, त्याला तें पत्र फसविणार नाहीं.